साडेसहाची कुंता

कुंताचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीवर. त्याआधी दोन वर्षं ती माझ्या समोरच्याच घरात राहत होती.

तेव्हा मी सौंदडच्या शाळेत शिक्षक होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. समोर जीवनलालजींचं घर. ते पोवार शेतकरी, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बऱ्यापैकी, बोलणं कमी. माळव्यातून आलेल्या पूर्वजांच्या रीती त्यांच्या घरात नेमाने पाळल्या जात. कुंता त्यांची सून, एकुलत्या एक मुलाची, संजूची बायको. सकाळी ती अंगणात सडा टाकायला यायची तेव्हा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला असे. मी दिसलो की ती भिंतीकडे वळून उभी राही आणि मी पुढे गेलो की पुन्हा सडा सुरू. गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती असाच मान देई. मी काही म्हातारा नव्हतो, पण गुरुजी होतो.

चेहरा ठाऊक नव्हता, तरी आवाज साऱ्या गावाला ठाऊक होता. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला तो आमच्या घरात यायचा.

त्या काळी दूरदर्शनसाठी छपरावर अँटेना फिरवत बसावं लागे. एक जण वर, एक जण खाली, आणि मधल्या माणसाने ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" मग गावात केवळरामने केबल आणली. घराच्या गच्चीवर भली मोठी छत्री लावली आणि घरोघरी तारा ओढल्या. बाहेरची चॅनेलं दाखवून झाल्यावर एक चॅनेल रिकामं राहत होतं. त्यावर तो दुपारी सिनेमा लावी, दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, होणाऱ्या नाटकांच्या कॅसेट लावी, आणि संध्याकाळी अर्धा तास गावाचा कार्यक्रम. शनिवार-रविवारी तो लग्नांच्या शूटिंगला जाई, म्हणून कार्यक्रम फक्त कामाच्या दिवशी.

आज सांगितलं तर हसू येईल, पण त्या अर्ध्या तासासाठी गल्ली शांत होत असे. आधी धानाचा भाव. मग गोंदियाहून येणारी पॅसेंजर किती उशिरा आहे ते. मग कोणाची म्हैस सुटली, कोणाला कुणाची शेळी सापडली. एखाद्या दिवशी एक स्वयंपाकाचा पदार्थ, एखाद्या दिवशी भजनी मंडळाची रेकॉर्ड केलेली भजनं. बुधवारी मी मुलांसाठी एक कोडं लिहून देई आणि गुरुवारी त्याचं उत्तर सांगितलं जाई. वाढदिवस असला की पोराचा फोटो पडद्यावर येई. तो येईपर्यंत त्या घरची माणसं जेवायला बसत नसत. लोडशेडिंग बदललं की केवळराम वेळ पुढेमागे करी, पण लोक त्याला साडेसहाचाच कार्यक्रम म्हणत, मग तो आठ वाजता लागो.

सुरुवातीला केवळराम स्वतःच सगळं वाची. माणूस मनाचा उमदा, पण कागद हातात आला की त्याचा गळा दाटे. मग संजूने सुचवलं. तो शेती सांभाळून केवळरामच्या तारा ओढायचं काम करी. "माही बायको बारावी हाय, गोंदियाची. फुलचूरची. मराठी बी बोलते, हिंदी बी," तो म्हणाला. प्रश्न जीवनलालजींचा होता. त्यांनी एकच विचारलं, "तोंड दिसन का?"

"नाही दिसणार, बाबा. फकत आवाज."

"मंग आवाजाले काय होते."

असं ठरलं. केवळरामच्या घरामागच्या खोलीत एक टेबल, त्यावर माईक आणि पितळेची फुलदाणी. तीत प्लास्टिकचे गुलाब. कॅमेरा फुलदाणीवर रोखलेला. कुंता बाजूच्या खुर्चीत बसून वाची आणि गाव गुलाबांकडे पाहत ऐके. आमच्या बाजूच्या सुशिलाबाई तर म्हणत, "आज गुलाबाले सर्दी झाली वाटते."

तो आवाज खुला होता, हसरा होता, मधूनच गोंदियाची हिंदी त्यात मिसळे. "चलो, अब धानाचा भाव ऐका," असं ती म्हणायची. माझी पत्नी सुलोचना विहिरीवर तिच्याशी बोलत असे. तिने मला एकदा सांगितलं, "अहो, कुंता मला म्हणाली, बाई, मला शिक्षिका व्हायचं होतं. लग्न ठरलं आणि राहून गेलं. त्या घरात मी दिवसभर कुजबुजते. मोठ्याने बोलते ती फक्त केवळरामभाऊच्या खोलीत." तिच्या घरी तिचा छळ होता असं नाही. सासू नव्हती, सासरे साधे, नवरा प्रेमळ. पण जिथे मोठ्यांसमोर आवाज काढायचा नाही अशी रीत असते, तिथे रोजचा अर्धा तास पूर्ण आवाजात बोलायला मिळणं म्हणजे काय, हे मला सुलोचनाच्या सांगण्यावरून कळलं.

आता त्या मे महिन्याच्या संध्याकाळकडे येतो.

लग्नसराई होती. केवळराम दुपारभर कॅमेरा घेऊन कोहमाऱ्याकडच्या एका लग्नात होता. घाईने परतला, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, तारा जोडल्या आणि चहा प्यायला घरात गेला. कॅमेऱ्याचं तोंड फुलदाणीऐवजी खुर्चीकडे झालं, हे त्याने पाहिलं नाही.

आम्ही टीव्ही लावला तर पडद्यावर एक मुलगी. हो, मुलगीच म्हणायची, पंचवीसच्या आतबाहेरची. उकाडा होता, खोलीत मोठं माणूस कोणी नव्हतं, म्हणून पदर खांद्यावर. टेबलफॅनने बटा उडत होत्या. वाचताना ती हाताने केस मागे सारी, धानाचा भाव सांगताना भुवया उंचावी, हरवलेल्या शेळीच्या बातमीवर स्वतःच खुदकन हसे आणि मग ओठ दाबून पुढे वाचू लागे. मला वाटलं केवळरामने कुणी नवीन मुलगी आणली.

"कोण ही?" मी विचारलं.

सुलोचना तोंडाला हात लावून उभी होती. "अहो, ही कुंता! समोरची कुंता! तिला माहीत नाही की ती दिसते आहे!"

मी दारात आलो. समोरच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, जीवनलालजींचा टीव्ही असे आणि त्यापुढे रोज पाचसहा माणसं. ती सारी पडद्याकडे पाहत होती. जीवनलालजी मात्र उठून अंगणात आले होते आणि घराकडे पाठ करून उभे होते, अगदी तसेच, जशी त्यांची सून मला पाहून भिंतीकडे वळायची. संजू गल्लीतून धावत सुटला. तो पोचेपर्यंत कार्यक्रम संपत आला होता.

त्या संध्याकाळी कुंता घरी आली ती मान खाली घालून, पदर छातीपर्यंत. जीवनलालजी एक शब्द बोलले नाहीत. ते तसेही तिच्याशी थेट बोलत नसत. सासऱ्याने सुनेला काही सांगायचं असेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं आणि तिने ऐकायचं, अशी पद्धत. घरात तिसरं माणूस नसलं की जीवनलालजी कोठ्यातल्या बैलाला सांगत. "काय गा पाखऱ्या, आज पानी गरम नाही झालं वाटते." आणि आतून पाण्याचं भांडं चुलीवर चढल्याचा आवाज येई.

दुसऱ्या दिवशी केवळराम हात जोडून आला, चूक कबूल केली, फुलदाणी जागेवर असल्याची शपथ घेतली. कुंता वाचायला गेली. पडद्यावर पुन्हा गुलाब आले. पण साडेसहाला जीवनलालजींनी खाट उचलली, अंगणात आणून टाकली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. सारा अर्धा तास. कार्यक्रम संपल्यावर खाट पुन्हा आत. तिसऱ्या दिवशीही तेच.

गल्लीने अर्थ लावायला वेळ लावला नाही. "जीवनलालजीनं पाठ फिरवली," सुशिलाबाई विहिरीवर म्हणाल्या. "आता काय राह्यलं? उद्या म्हनतीन, घरात बस." संजूनेही घाबरत घाबरत कुंताला सांगितलं की बाबा तोंड फिरवून बसतात. कुंताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "सांगून द्या केवळरामभाऊला. अब मैं नहीं आऊंगी."

सोमवारी गळा दाटलेला केवळराम पडद्यावर आला. लाजेने त्याने फुलदाणीही काढली होती, स्वतःच दिसत होता. सुलोचना मध्येच उठून भाकरी टाकायला गेली. विहिरीवर कुंता तिच्याशी आता बोलत नव्हती. नुसतं पाणी शेंदून जायची.

असं चालू असताना एका संध्याकाळी जीवनलालजी माझ्या दारात आले. कधी येत नसत. मी खुर्ची दिली, ते उंबऱ्यावरच बसले.

"गुरुजी, एक विचारू का जी?"

"विचारा की."

"त्या केवळरामाले कोनं बसवलं जी? थो धानाचा भाव सांगून राहिला का कोनाची मयत?"

मला हसू आलं. "सूनबाईंनी जाणं सोडलं, म्हणून त्याला बसावं लागलं."

"काऊन सोडलं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. "जीवनलालजी, तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसता. तिला वाटलं तुम्हाला राग आला."

"तं काय तोंड करून बसू? सून बोलून राहिली अन् सासरा तिच्या तोंडाकडं पाहत बसला, हे बरं दिसते का? तुमीच सांगा, तुमी शिकलेले आहात."

"पण पडद्यावर तर फुलदाणी होती."

"होती ना. पन फुलदानीच्या बाजूले तेच बसली होती. पयले मले वाटे, आवाजच येऊन राहिला. आता एकदा दिसली ना जी! आता मी गुलाबाकडं पाहिलं तरी मले ठाऊक हाय का बाजूले कोन हाय. मंग मान राखाले नको?" ते जरा पुढे सरकले. "अन् पाठ केली म्हनून काय कान बंद केले? मीच तं संजूले सांगतलो, आवाज मोठा कर, आंगनात बराबर येत नाही. थो करते का नाही मोठा, विचारा त्याले."

मला आठवलं, त्या दोन दिवसांत समोरचा टीव्ही खरोखरच फार मोठ्याने लागला होता. गल्लीने तो आवाजही रागाच्या खात्यात टाकला होता.

"मग तिला हे सांगा ना," मी म्हणालो.

"मी कसा सांगू? मी बोलतो का तिच्यासंगं?"

"मग मी सांगू? किंवा सुलोचना सांगेल."

"नाही जी. घरची गोष्ट हाय. घरातूनच गेली पाहिजे. तुमी चला माह्यासंगं."

आम्ही दोघे त्यांच्या अंगणात गेलो. कोठ्यात पाखऱ्या रवंथ करत होता. स्वयंपाकघराची खिडकी कोठ्याकडे उघडी होती आणि आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. जीवनलालजी बैलाच्या मानेवर हात ठेवून, गावसभेत बोलावं इतक्या मोठ्याने म्हणाले, "पाखऱ्या, ऐक गा. सोमवारपासून मले थो केवळराम नको. कान दुखतेत माहे."

भांडी थांबली.

"मी आंगनात बसतो थे मान म्हनून बसतो. राग म्हनून नाही. राग असता तं टीव्हीच बंद केला नसता का? सांग बरं तूच."

पाखऱ्या काही बोलला नाही. जीवनलालजी निघायला वळले आणि मग परत फिरले, काहीतरी राहिलं असावं तसे.

"अन् दुसरी गोष्ट. ते फुलदानी कायले पाहिजे आता? मी तं पाहतच नाही. माही पाठच हाय तिकडं. मंग बाकीच्या गावाले दिसली तं कोनाचं काय जाते? गुलाब पाहून पाहून लोकं कंटाळले."

खिडकीआड बांगड्या वाजल्या. मग तो आवाज आला, जो मी इतके दिवस गुलाबांच्या तोंडून ऐकला होता, फक्त थोडा भिजलेला. "पाखऱ्या, त्यांना म्हणावं, संध्याकाळपर्यंत अंगणात ऊन राहते. खाट निंबाखाली टाकत जावा. पाठ तिकडूनही करता येते."

जीवनलालजी मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी प्रथमच ऐकलं.

सोमवारी साडेसहाला पडद्यावर कुंता होती. डोक्यावर पदर, चेहरा उघडा. पहिलं मिनिटभर ती फार ताठ बसली होती आणि तिने भाव चुकीचा वाचला, मग जीभ चावून दुरुस्त केला. नंतर पंख्याने बट उडाली, तिने ती मागे सारली, आणि पुढे सगळं सुरळीत झालं. समोर निंबाखाली जीवनलालजी खाटेवर, पाठ टीव्हीकडे, तोंड आमच्या घराकडे. त्यामुळे तिचा कार्यक्रम बघताना आम्हाला दारातून त्यांचा चेहराही दिसे. ती काही गमतीचं बोलली की म्हाताऱ्याचे खांदे हलत.

हे पुढे बरीच वर्षं चाललं. पावसाळ्यात खाट सपरीच्या टोकाला येई, पण पाठ तीच. पदार्थाचा दिवस असला की दुसऱ्या दिवशी जीवनलालजी पाखऱ्याला विचारत, "ते काल सांगतली थे भजी आपल्या घरी होत नाही का गा?" आणि ती होत. पाखऱ्या गेल्यावर घरी ट्रॅक्टर आला, तर ते ट्रॅक्टरशी बोलू लागले. गल्लीत आणखी दोन सासऱ्यांनी सुनांना कार्यक्रमात भजन म्हणायला पाठवलं. त्या दिवशी तेही निंबाखाली येऊन बसत. खाटेवर तीन पाठी ओळीने. बाहेरगावचा माणूस पाहून जाई तर त्याला वाटे, ह्या म्हाताऱ्यांचा टीव्हीवर बहिष्कार आहे.

एकदा, माझी बदली होण्याआधीच्या वर्षी, जीवनलालजींनी मला हळूच विचारलं, "गुरुजी, बरी दिसते ना जी टीव्हीवर?"

"फार छान दिसते," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि बिडी पेटवली.

पुढे प्रत्येक टीव्हीखाली एक डबा बसवावा लागला. आकाशातली शेकडो चॅनेलं त्यातून थेट घरात आली आणि केवळरामचं रिकामं चॅनेल राहिलं नाही. त्याने तारा गुंडाळल्या आणि कोहमाऱ्याला मोबाइलचं दुकान टाकलं. मी तेव्हा निवृत्त होऊन गोंदियात आलो होतो. शेवटच्या शुक्रवारचं मला सुलोचनाच्या मैत्रिणींकडून कळलं. कुंताने नेहमीसारखा भाव सांगितला, गाडीची वेळ सांगितली, माझ्या वेळचं एक जुनं कोडं घातलं आणि म्हणाली, उत्तर विहिरीवर विचारा.

आता आमच्या घरी मुलाने, हिमांशूने, भिंतीएवढा टीव्ही लावला आहे. त्यावर जगातल्या कुठल्याही गावचं काहीही दिसतं. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला मला अजून उगाच चुळबुळ होते. सुलोचना म्हणते, "बसा, काही नाही लागत आता." खरंच नाही लागत. सौंदडला आज धान कितीला गेला आणि कोणाची शेळी सापडली, हे मला कोणी सांगत नाही.

कार्यक्रम बंद झाला त्याच वर्षी गावात अंगणवाडीची जागा निघाली. अर्ज करावा की नाही, या विचारात कुंता होती. घरात उगाच नवी गोष्ट काढायची नाही, असं तिचं तेव्हाही होतं. जीवनलालजी सकाळी ट्रॅक्टर पुसत होते. ते त्याला म्हणाले, "शिकवाची हौस होती ना तिले. मंग आता कायची वाट पाहून राहिली?" जीवनलालजी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी पडद्यावर तिला एकदाच पाहिलं, त्या मे महिन्यात, आणि तेही उठेपर्यंतच.

गेल्या महिन्यात मी एका लग्नासाठी सौंदडला गेलो होतो. कुंता भेटली. पन्नाशी उलटली आहे, चष्मा लागला आहे. ती मला पाहून भिंतीकडे वळली नाही. "गुरुजी, बसा, चाय लेते का?" म्हणाली. तिची लेक चंचल गोंदियाला नर्स आहे, संजू शेती करतो. कुंता गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिच्याकडे बावीस मुलं येतात, आणि ती त्यांना सकाळी दहा वाजता खड्या आवाजात गाणी शिकवते.